भर दुपारी दाखवलेल्या मेंढ्या

घर भाड्याने देताना लोक आधार कार्ड बघतात. आमच्या शेठनी आम्हाला पाणी पिताना बघितलं.

डोंबिवलीजवळ कोपरला, पश्चिमेकडे, खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची चार मजली बिल्डिंग. आम्ही तळमजल्यावरची खोली बघायला गेलेलो ते भर उन्हाळ्यात, दुपारी. शेठ पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. अंगात गंजी, खाली बर्मुडा, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. एकेक तांब्या पाणी हातात दिलं आणि आमच्या गळ्याकडे बघत बसले. माझा नवरा सभ्य माणूस. त्याने एक घोट घेतला, ‘थँक्यू’ म्हणाला आणि तांब्या खाली ठेवला. मी उन्हातून चालून एवढी वैतागलेली, की अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि ओढणीने तोंड पुसलं.

“बाय, घर तुना दिला,” शेठ मला म्हणाले. मग नवऱ्याकडे हात करून, “ह्याला बी ठेव हवा तर.”

नवऱ्याने ते अजून मनाला लावून घेतलंय.

शेठ आगरी. वाडवडिलांची मिठागरं होती, भाताची शेतं होती. तिथे आता टॉवर उभे आहेत. गाड्या आल्या, एसी आला, पण शेठ पार्किंगमधल्या खुर्चीतून काही हलले नाहीत. एसी म्हणे पाहुण्यांसाठी. फोनवर बोलायचे ते स्पीकर लावूनच, कारण फोन कानाला लावला की डोकं तापतं असं त्यांचं म्हणणं. मी ब्लाऊज शिवते. माझी मशीन खिडकीपाशी आणि खिडकी उघडते पार्किंगमध्ये, त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक भानगड मला काज-बटन करता करता कळायची. मी काही कान लावून बसत नव्हते. खिडकी लावली तर गुदमरायला व्हायचं, मग करणार काय!

आणि हट्ट? बाप रे. एकदा लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीवाला दोन दिवस उशिरा आला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, ह्या लिफ्टमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही. लिफ्ट त्याच संध्याकाळी सुरू झाली. शेठ राहायला चौथ्या मजल्यावर. तेव्हापासून हा माणूस स्वतःच्या बिल्डिंगचे जिने धापा टाकत चढतोय आणि त्याची लिफ्ट वरचे भाडेकरू वापरतायत. मी एकदा म्हटलं, शेठ, जाऊ दे ना आता. तर म्हणाले, “बोललू ते बोललू.” अख्ख्या गावाला हे माहीत होतं. शेठ बोलले म्हणजे विषय संपला, मग त्यात अक्कल असो वा नसो.

त्यांना धाकात ठेवणारी एकच, त्यांची पोरगी. आई लहानपणीच गेलेली, बापाने एकट्याने वाढवलेली. फिजिओथेरपी शिकली, डोंबिवलीत एका दवाखान्यात नोकरीला लागली. हसरी, ठसठशीत आणि जेवणारी. सुक्या बोंबलाचं कालवण असलं की भाकऱ्या मोजायच्या नाहीत, असा त्या घरात नियमच होता. माझ्याकडे ब्लाऊज टाकायला आली की म्हणायची, “वहिनी, जरा श्वास घ्यायला जागा ठेव हां.”

तिचं लग्न ठरलं कळव्याच्या एका घरात. माणसं त्यांच्यातलीच, बऱ्यापैकी. साखरपुड्याला जेवणं झाल्यावर व्याही सुपारी कातरत म्हणाले, “हळदीला मटण कुठून आणणार शेठ? हल्ली सगळीकडे बाजारातलंच असतं.” आता आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लग्न विसरतील, पण हळदीचं मटण वातड होतं हे तीन पिढ्या विसरत नाहीत. शेठ उठून उभे राहिले आणि पाचशे माणसांत बोलले, “माज्या पोरीच्या हलदीला घरचा मटन. विकतचा एक तुकरा लागला, तर मी पोरगी देनार नाय.”

घरात तेव्हा एक मांजरसुद्धा नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शेठ आंबिवलीकडे गेले. तिथे घाटावरून उतरलेल्या एका धनगराचा कळप बसलेला. टेम्पो भरून मेंढ्या घेऊन आले. काळ्या, केसाळ, आमच्याकडे तुच्छतेने बघणाऱ्या. सगळ्यांनी विचारलं, हळदीला बोकड सोडून मेंढ्या कुणी करतं का? “बोकर गारीच्या टपावर जातो,” शेठ म्हणाले. “मेंढरू खाली मान घालून र्‍हाते.” पार्किंगच्या अर्ध्या भागाला जाळी लागली, गाड्या रस्त्यावर गेल्या आणि माझ्या खिडकीत मेंढ्या आल्या.

थंडीत सगळं छान चाललेलं. पेंढा, भुसा, मक्याचा भरडा, भाजीवाल्याकडचा उरलेला पाला, टाकाल ते फस्त. होळीला शेठ त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “बघ, आवाज कसा भरलेला येतो.” मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नाही, खाडीची चिकचिक. उभं राहिलं तरी घाम, बसलं तरी घाम. मेंढ्यांनी तोंड फिरवलं. भरडा तसाच, पाला तसाच. दुपारभर एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहायच्या आणि भात्यासारख्या धापा टाकायच्या. शेठ जाळीजवळ जाऊन हात जोडायचे. “खा गो बायांनो. मना कलव्यात तोंड दाखवायचा हाय.”

त्यांनी टरबुजाच्या साली दिल्या. ताक पाजलं. मासळी बाजारातून बर्फाची लादी आणून पाण्यात सोडली, तर त्या वासाने मेंढ्यांनी ते पाणीसुद्धा सोडलं. शेवटी त्यांना आजीची आठवण झाली. मिठागरवाल्यांच्या घरात कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय मीठ. पोट दुखतं, मीठ-पाणी. घसा बसला, मीठ-पाणी. दृष्ट लागली, मीठ ओवाळा. भूक मेली की जिभेला मीठ लावायचं, असं आजी सांगून गेलेली. शेठनी खडेमिठाची गोणी आणली, जाळीच्या पिशव्यांत भरून पार्किंगच्या खांबांना टांगली. मेंढ्या खूश! चाटून चाटून पिशव्या पातळ केल्या. भूक काही लागली नाही, पण तहान अशी लागली की बादल्या पुरेनात. शेठनी थेट टाकीचा पाइप सोडला.

नेमकं त्याच दिवशी महापालिकेचं पाणी बंद. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण लावलेले, जिन्याने खाली आले.

“शेठ, नळाला पाणी नाहीये!”

“मेंढरांना लागला.”

“आणि मी काय करू?”

“तू मुका हायस का?” शेठ म्हणाले. “तू दुकानातून बाटली मागू शकतंस. त्या बिचाऱ्या कोनाला सांगतील?”

गृहस्थांनी माझ्या बेसिनमध्ये तोंड धुतलं, तेही मी भरून ठेवलेल्या कळशीतल्या पाण्याने. मी शेठना खिडकीतून जे सुनावायचं ते सुनावलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “पन एक कलला बाय. उनानं त्यांचा खाना बंद होते, पिना बंद होत नाय. उलटा दुप्पट होते.” माझी बादली रिकामी आणि ह्यांना शोध लागतोय!

नंतर त्यांच्या डोक्यात आलं की केस काढायला हवेत. नाक्यावरच्या सलूनवाल्याला ट्रिमर घेऊन बोलावला. तो बिचारा आधी मेंढीकडे, मग ट्रिमरकडे बघत म्हणाला, “सेठ, ये मेरे लाइन का काम नहीं है.” शेठनी त्याला ‘जंटलमन कट मार’ म्हणून आत ढकललं. दिवसभरात तीन ट्रिमर जळाले. मेंढ्या भादरून झाल्या, पण कुठे गुळगुळीत, कुठे झुपके, खुरटी दाढी ठेवल्यासारख्या. आणि उघड्या कातडीला दुपारचं तिरपं ऊन लागायला लागलं. दोन दिवसांत पाठी लाल.

“बाय, झुली शिव,” शेठ जुन्या धोतरांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात.

मी म्हटलं, “शेठ, मी लेडीज टेलर आहे.”

“त्या बी लेडीजच हायत.”

घेतली मापं. टेप गळ्यात टाकून जाळीत शिरले. बायकांची मापं घेताना एक ठरलेलं असतं, पोटाला टेप लावली की श्वास आत. मेंढी ओढत नाही. जेवढी आहे तेवढी उभी राहते. एवढा प्रामाणिकपणा मला ह्या धंद्यात पुन्हा दिसला नाही. पांढऱ्या झुली घातलेल्या मेंढ्या बघायला शाळेतली मुलं थांबायला लागली. कुणीतरी रील टाकली. कळव्याहून व्याह्यांचा फोन आला. स्पीकर होताच. “शेठ, हळद आहे की हज?” शेठ हसले नाहीत.

खरी गोष्ट कळली ती पहाटे. पाण्याचा कॉक उघडायला शेठ चारच्या सुमाराला खाली आले, तर मेंढ्या कालचा पडलेला भरडा चाटूनपुसून खात होत्या. शिवाय माझ्या खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता त्यांनी मुळापर्यंत संपवलेला. थंड हवेत त्यांना भूक होती, आम्हीच त्यांना भर दुपारी जेवायला वाढत होतो. त्या दिवसापासून शेठचं घड्याळ बदललं. मेंढ्यांना पहाटे आणि दिवेलागणीला खाणं, दुपारी फक्त सावली आणि पाणी. तेच स्वतःला, आणि जमेल तेवढं आम्हालाही. माझा नवरा दुपारी डबा उघडून बसला की खिडकीतून आवाज यायचा, “आता खाऊ नको रे, मेंढरू बी खात नाय!” एकदा तर पहाटे साडेचारला दारावर थाप. नवरा धडपडत उठला, कुणाचं काय झालं म्हणून. बाहेर शेठ, हातात चिंबोऱ्यांचं कालवण. “गरम हाय. हवा बी थंड हाय. जेवून घ्या.” आम्ही जेवलो. छान होतं.

पंधरा दिवसांत मेंढ्या भरल्या. झुली तटतटायला लागल्या, तेव्हा मी शिवण उसवून वाढवायला घेतल्या. त्याच दुपारी शेठची पोरगी लग्नाचा ब्लाऊज घालून बघायला आली. मी तो एकदा आत घेतलेला. दुसऱ्यांदा घेतलेला. आता परत खांद्यावरून घसरला. हनुवटी टोकदार झालेली, डोळे आत. मी म्हटलं, “डाएट करतेस का गं? बास की आता.” ती म्हणाली, “नाही वहिनी, उन्हाने जेवण जात नाही.” मी सरबताचा ग्लास पुढे ठेवला. तिने हात नाही लावला.

ती गेल्यावर मी खिडकीतूनच हाक मारली. माझं तोंड काही बंद राहत नाही. “शेठ, कापायच्या त्या भरल्या आणि नांदायला पाठवायची ती वाळली. बघताय का जरा घरात?”

“उनाला हाय गो. मेंढरां बी खात नवती.”

“हो, पण मेंढ्या पाणी तरी पीत होत्या. हिने माझ्याकडे सरबतालासुद्धा तोंड लावलं नाही.”

शेठ खुर्चीत पुढे सरकले. “दवाखान्यातून येते तवा तिची बाटली भरलेलीच असते,” ते हळूच म्हणाले. “मना वाटला, तिकरं भरून घेत असल.” मग जाळीतल्या बादलीकडे बघून म्हणाले, “पिना पन बंद झाला, म्हनजे हा उनाचा नाय.”

संध्याकाळी ते तिला माझ्याच खोलीत घेऊन आले. वर पाहुणे होते, आणि दुसरं कारण, ते एकटे असते तर त्यांना विचारायला जमलं नसतं, असं मला वाटतं. दारात उभे राहून, तिच्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, मना सांग. तुना काय झाला?”

ती आधी काही नाही, काही नाही करत राहिली. मग एकदम फुटली. नवरा मुलगा दर तासाला लोकेशन मागायचा. दवाखान्यात पुरुष पेशंट नको म्हणायचा. आता म्हणत होता, हळदीच्या आधी राजीनामा दे, आणि त्याचा फोटो मला पाठव. “बाबा, तुम्ही पाचशे माणसांत शब्द दिलात. पत्रिका वाटल्या. मी आता नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? पोरीचंच कुठेतरी काहीतरी असेल म्हणतील. आयुष्यभर म्हणतील.”

खोटं नव्हतं ते. मी पाहिलंय, एका मोडलेल्या लग्नानंतर मुलीला किती वर्षं उत्तरं द्यावी लागतात. मुलगा दुसऱ्या महिन्यात घोड्यावर बसतो. मला इतका राग आला की हातातली कात्री आपटली. शेठ दारातूनच वळले, नेहमीसारखे जिने चढत वर गेले.

दुसऱ्या दिवशी खिडकीत स्पीकर सुरू झाला.

“व्याही, लग्न होनार नाय.”

“काय? अहो, हळद आठ दिवसांवर आलीये!”

“मेंढरां बारीक झायलीत. उनानं खात नाय. हलदीला घरचा मटन बोललू होतू. ता होत नाय, मंग पोरगी देनार नाय. पाचशे मानसांत बोललू.”

माझ्या हातातली सुई थांबली. जाळीत मेंढ्या ढेकर द्यायच्या बेतात उभ्या होत्या.

व्याही आधी हसले, मग ओरडले, मग विनवायला लागले. “शेठ, बाजारातून आणू! मी आणतो! चिकन करा! अहो, पनीर करा, काही हरकत नाही!” आगरी हळदीत पनीर, म्हणजे माणूस किती खाली आला बघा. शेठचं एकच, “बोललू ते बोललू.” शेवटी व्याही म्हणाले, मी उद्या दोन वडीलधारी माणसं घेऊन येतो आणि स्वतः मेंढ्या बघतो.

“या,” शेठ म्हणाले. “एक वाजता या.”

फोन ठेवून ते माझ्या खिडकीशी आले. “बाय, झुली ढगल्या कर.”

मी काही विचारलं नाही. अंगापेक्षा दोन माप मोठा कपडा घातला की धडधाकट माणूसही आजारातून उठल्यासारखा दिसतो, हे मला कुणी शिकवायला नको. दिवेलागणीपर्यंत मशीन चालवली. पोरगी माझ्या शेजारी बसून दोरे तोडत होती आणि मध्येच रडत होती, मध्येच हसत होती.

कळव्याची गाडी बरोबर एकला आली. एसीतून उतरून तिघे पार्किंगमध्ये आले आणि घामाने चिंब झाले. मेंढ्या ढगळ झुलीत, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून, धापा टाकत उभ्या. शेठनी ताजा भरडा पुढे ठेवला. एकीने बघितलं नाही. हिरवा पाला ठेवला. नाही. गुळाचा खडा धरला. मान फिरवली. मग पाण्याची बादली ठेवली, तर सगळ्या तुटून पडल्या.

“बघा,” शेठ म्हणाले, आणि आवाज असा काढला की मलाच खरं वाटलं. “नुसत्या पान्यावर जगतात.”

वडीलधाऱ्यांपैकी एकाने हात पुढे केला, झूल वर करायला. शेठनी त्याचा हात धरला. “नको दादा. आजारी हायत. लाजतात.” तो म्हातारा शेठच्या तोंडाकडे बघत राहिला, मग हात मागे घेऊन व्याह्यांना म्हणाला, “चल रे. ह्याचा डोका फिरला हाय. असल्या घरात सोयरीक कनाला?” व्याही जाताना रस्त्यापर्यंत शिव्या देत गेले. त्या सगळ्या शेठना होत्या. पोरीला एक नव्हती.

आठवड्याभरात शेठनी मेंढ्या टेम्पोत घालून धनगराला परत दिल्या. गोष्ट मात्र कोपरभर झाली, खाडीपलीकडे गेली. पोरं त्यांना ‘मेंढीशेठ’ म्हणायला लागली. सख्खा भाऊ बोलायचा बंद झाला. नाक्यावर ते दिसले की कुणीतरी ‘बें’ करायचं. पोरगी चिडायची, म्हणायची मी जाऊन सगळं सांगते. शेठ तिला गप्प करायचे. “मना हसतात ना? हसू दे. तुना कोन काय बोलते का? नाय ना? मंग जेव.”

आणि ती जेवायची. दवाखान्यात जायची, यायची, आल्यावर रिकामी बाटली खुर्चीजवळ आपटायची.

एकदा मासळी बाजारात शेठच्या नात्यातली एक मावशी मला गाठून हळू आवाजात म्हणाली, “तू तर तितंच र्‍हातंस. खरा सांग, पोरीचा काय होता?” तिचे डोळे असे चमकत होते की मला तिला तिथेच हाणावंसं वाटलं. पण मी तोंड लांब केलं. म्हटलं, “पोरीचं कसलं हो मावशी! त्या माणसाचं डोकं. मेंढ्या बारीक झाल्या म्हणून सोन्यासारखं स्थळ घालवलं.”

ती निराश होऊन गेली. मला घरी येईपर्यंत चैन पडेना. ज्या माणसाचे पाय धरावेत, त्याला भर बाजारात वेडा ठरवून आलेले. शेठ खुर्चीत बसलेले. मी पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती बारीक झालेल्या बोललीस?”

“बारीक झाल्या, एवढंच म्हटलं.”

“नाय नाय,” शेठ कळवळून म्हणाले. “हाडं दिसत होती बोलाचा! थोरा बोलला तर लोक पोरीकरं बघतात.”